कोठीखालच्या चकत्या

संपादक फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोकरीतले गमतीदार किस्से लिहा. बाईमाणूस आणि हातात हातोडा, वाचकांना मजा येईल." मी हो म्हणून बसले. मग आठ दिवस नुसता कागद समोर. किस्से नाहीत असं नाही, पण कोणताही सांगायला घेतला की तो फिरून फिरून करडी गावातल्या एका घरात, धानाच्या कोठीपाशी जाऊन थांबतो. तेव्हा मजेचं माझ्या हातून कितपत जमेल, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

आधी धंदा काय तो सांगते. विजेची तार खांबाला सरळ बांधत नाहीत. बांधली तर वीज खांबातून जमिनीत उतरेल. म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीची एक जाड चकती असते. वर लोखंडाची टोपी, खाली लोखंडाची पिन, मधे चिनी मातीची छत्री, आणि तिन्ही सिमेंटने एकमेकांत बसवलेले. पुस्तकात तिचं नाव इन्सुलेटर, आम्ही सगळे चकतीच म्हणायचो. वीजही तिनंच अडवायची आणि तारेचं ओझंही तिनंच ओढून धरायचं. दोन्ही कामं एकटीची, घरातल्या मोठ्या सुनेसारखी, आणि कौतुक कोणी करायचं नाही.

आमचा कारखाना भंडाऱ्याहून मोहाडीकडे जाताना लागायचा. नाव सांगत नाही, आता तिथे भट्टी उरलेली नाही. मी पवनीची. बी.एस्सी. झाले आणि चाचणी विभागात लागले, ती निवृत्त होईपर्यंत त्याच हॉलमध्ये. काम एकच, माल फोडायचा. तयार झालेल्या प्रत्येक ढिगातून काही चकत्या नमुना म्हणून काढायच्या. त्यांना उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात बुडवायचं, पुन्हा उकळत्यात, पुन्हा गारात. काहींचे तुकडे करून लाल रंगाच्या पाण्यात दाबाखाली तासन् तास ठेवायचे, रंग आत शिरला तर माती नीट भाजली गेली नाही असं समजायचं. आणि बाकीच्या यंत्रावर लावून ताणायच्या, ओढायच्या. बाया मला फोडबाई म्हणायच्या. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली, मग कोणी नुसतं बाई म्हटलं तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

या नावाची कीर्ती पवनीपर्यंत गेली. एकदा आमच्याच आळीतले एक काका बसने लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन थेट कारखान्याच्या फाटकावर हजर. म्हणाले, "पोरी, बरणी पाझरते. तुही काकू म्हणते म्या विकत घेतानीच पाहून घेतली नाई. तू सांग, दोष कोणाचा?" बरणीचा एक टवका काढून मी लाल पाण्यात टाकला. संध्याकाळी तो आरपार गुलाबी. काका खूश. "लिहून दे," म्हणाले, "तुह्या काकूले दाखवतो." मी खरंच कारखान्याच्या कागदावर लिहून दिलं, बरणी सच्छिद्र आहे, घेणाऱ्याचा दोष नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा अहवाल तोच असावा.

काचेच्याही चकत्या असतात. तुलनेसाठी आम्ही त्या आणून तोडायचो. मला त्या आवडायच्या. कडक केलेली काच असते ती, जरा कुठे दुखावली की सगळी छत्री एकदम फुटून खाली खडीसारखी पडते. लाईनमनला खालूनच दिसतं, ही गेली, बदला. चिनी मातीचं तसं नाही. आत टोपीखाली तडा गेलेला असतो आणि वरून ती नव्या नवरीसारखी चकचकीत दिसते. वाजवून पाहा, आवाजही नीट येतो. आमचे जुने सुपरवायझर पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "बाई, काचेवर भरवसा ठेवशील तर चालेल, या मातीवर ठेवू नको. ही मनातलं सांगत नाई."

त्यातूनच आमच्या हॉलचा नियम आला होता. नमुना म्हणून ताणलेली चकती तुटली नाही, पास झाली, तरी ती पुन्हा मालात जायची नाही. ज्या ताणाला ती टिकली, त्या ताणाने तिच्या आत काय करून ठेवलं ते कोणालाच दिसत नाही. म्हणून पास झालेली चकतीसुद्धा हातोड्यानं फोडायची आणि मगच हॉलबाहेर काढायची. नियम भिंतीवर लिहिलेला होता, मोठ्या अक्षरात.

तो मी पाळला नाही.

झालं असं की, ग्लेझ विभागात, म्हणजे चकत्यांना चकाकीचा लेप देतात तिथे, करडीची शकून नावाची बाई होती. माझ्याच वयाची, हसरी, तोंडाची फटकळ. आमचा डबा एकत्र असायचा. एक दिवस ती हॉलच्या दारात उभी राहून मी फोडताना पाहत होती. म्हणाली, "काहून फोडतेस वो बाई, धडधाकट चकत्या? माह्या घरी कोठीले मुंग्या लागून राहिल्या. चार दे ना मले."

मला आधी कळेना, मुंग्यांचा आणि चकतीचा काय संबंध. तिनं उलटी करून दाखवली. चकती उलटी ठेवली की तिची छान वाटी होते. टोपी जमिनीत पुरायची, मधली पिन कोठीच्या लोखंडी पायात बसते, वाटीत पाणी भरायचं. मुंगी वर चढूच शकत नाही. अहो, इतकी वर्षं मी त्या वस्तूला ताणत होते, उकळत होते, आणि तिचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता. मला मनापासून आनंद झाला. फोडण्याच्या नोकरीत काहीतरी देता येतंय याचाच आनंद असेल.

मी तिला चार दिल्या. पास झालेल्या, ताणून टिकलेल्या. मग दुसरीनं मागितल्या, मग तिसरीनं. कारखान्याभोवतीच्या गावांत कितीतरी कोठ्या, कितीतरी पलंग माझ्या चकत्यांवर उभे राहिले. फाटकावरचा चौकीदारही घेऊन गेला, मग अडवणार कोण? एक खबरदारी मी घेत होते, असं मीच मला सांगायचे. ताणलेली चकती चुकून चांगल्या ढिगात जाऊ नये म्हणून तिच्यावर खूण करायची. पेन्सिल त्या चकाकीवर टिकत नाही, खडू पुसला जातो. माझ्या पर्समध्ये गुलाबी नेलपेंटची बाटली असायची. टोपीच्या अगदी जवळ एक टिकली लावायची. सुपरवायझर हसायचे, "फोडबाईनं चकतीचं लगीन लावलं." सगळ्या हॉलला ठाऊक होतं, गुलाबी टिकली म्हणजे ताणलेला माल.

हॉलबाहेर मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हतं. देताना मी कधी कोणाला सांगितलं नाही की ही चकती कोठीखाली चालेल, तारेवर चालणार नाही. कोठी सोडून ती कुठे जाईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि शकूनचा नवरा देविदास लाईनमन आहे, हे मला पक्कं माहीत होतं.

देविदासभाऊंना मी दोन-तीनदा पाहिलं होतं. बारीक, अबोल, सायकलच्या दांडीला दोरखंड बांधलेला माणूस. उन्हाळी धान पोटरीत आलं होतं त्या दिवसांत मोठं वादळ झालं. फांदी पडून तलावाजवळच्या खांबावरची एक चकती फुटली, लाईन बंद, मोटारी बंद. बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधलं, पाणी आटत चाललं. वादळानं सगळीकडेच मोडतोड केली होती, नवं सामान यायला दोन दिवस लागणार होते. धानाला दोन दिवस कळ काढवत नव्हती. गाव देविदासभाऊंच्या दारात.

हे मला शकूननंच सांगितलं, डबा खाताना, अभिमानानं. "मंग ह्यायनं कोठीखालची एक चकती काढली ना वो बाई! तिथं ईट लावली अन् चकती नेऊन तारेले चढवली. अर्ध्या घंट्यात मोटारी चालू. साऱ्या गावानं नाव काढलं." आणि मला ढोपरानं ढोसून म्हणाली, "तुह्या चकतीनं गाव वाचवलं."

मी घास परत डब्यात ठेवला. मी विचारलं, "मग नवं सामान आल्यावर बदलली ना?"

"कायले बदलतील? चांगली हाय ना."

तेव्हाच बोलायचं होतं. उठून सांगायचं होतं की शकून, ती चकती आतून काय आहे ते मलाही माहीत नाही, भाऊंना सांग आजच्या आज उतरवा. एवढंच. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग अशी चकती आम्हाला दिलीस काहून? आणि ते सुपरवायझरांपर्यंत गेलं असतं. भिंतीवरचा नियम, चकत्या फोडल्याच्या नोंदीखालची माझी सही, माझी नोकरी. मी म्हटलं, उद्या सांगू. रविवारी करडीला जाऊ आणि भाऊंनाच बाजूला घेऊन सांगू. रविवारी आमच्या घरी पाहुणे आले. मग पाऊस लागला, रोवणी झाली. टिकली आहे ना, मग टिकेल, असं वाटायला लागलं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना सांगितलं की टिकली म्हणून भरवसा ठेवू नका, तिलाच असं वाटायला लागलं.

दिवाळीच्या आधी देविदासभाऊ त्याच खांबावर चढले होते. लाईन रीतसर बंद केलेली होती, त्यांची काही चूक नव्हती. ते वर असताना चकती टोपीतून निसटली, तार सुटली, खांबाला हिसका बसला आणि ते खाली बांधीच्या धुऱ्यावर, टणक बांधावर, पडले. भंडाऱ्याला नेईपर्यंत संपले होते.

मी मातीला गेले होते. शकून रडत नव्हती, नुसती बघत होती. मला पाहून म्हणाली, "आली का बाई." बस्स.

चकतीवर आमच्या कारखान्याचा शिक्का होता, म्हणून चौकशीसाठी तुटलेले तुकडे गोणपाटाच्या थैलीत सीलबंद होऊन आमच्याकडेच आले. अहवाल द्यायचा की चकती कशानं तुटली. कारखान्याच्या साहेबांनी थैली माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, नीट बघा. आपल्या मालात दोष निघाला तर त्या साऱ्या ढिगातल्या चकत्या खांबांवरून उतरवाव्या लागतील."

तुटलेल्या चिनी मातीचा पृष्ठभाग वाचता येतो. त्यावर बारीक रेषा असतात, त्या सगळ्या एका जागेहून निघालेल्या दिसतात. ती जागा सापडली की दोष सापडला. मी भिंग घेतलं. रेषा टोपीच्या आतल्या कडेला जात होत्या. तिथला तडा जुना होता, मळकट, आणि बाकीचा तुटवा ताजा, पांढरा. यंत्रावर ताणताना पडलेला तडा कसा असतो ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मग मी तुकडा पलटला. टोपीजवळ गुलाबी टिकली होती. उन्हापावसानं फिकी झालेली, कडेनं थोडी उडालेली, पण होती.

चाचणी विभागात ॲसिटोनची बाटली कायम असते, नमुने पुसायला. नेलपेंट काढायलाही तेच लागतं. मी कापसाचा बोळा घेतला आणि टिकली पुसली. दोन वेळा पुसली. मग अहवाल लिहिला, उत्पादनात दोष नाही, बाहेरून जोराचा आघात, बहुधा दगड. साहेबांनी वाचला आणि सही केली.

त्या कागदाचे हिशेब मी मनाशी पुष्कळ जुळवून पाहिले. खरं लिहिलं असतं तर देविदासभाऊंनीच भलता माल चढवला असं निघालं असतं, चूक मेलेल्या माणसाच्या माथी गेली असती आणि शकूनला भरपाई म्हणून काहीच मिळालं नसतं. म्हणून मी तिच्यासाठी पुसलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगू? बोळा हातात घेतला तेव्हा शकून माझ्या डोक्यातही नव्हती. मी स्वतःसाठी पुसलं. आणि 'बहुधा दगड' या दोन शब्दांपायी करडीत पोरांच्या गुलेली घरोघरून गोळा करून जाळल्या. एका पोराला बापानं झोडपलं असंही ऐकलं. त्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी?

शकून तेराव्यानंतर कामावर आली. पहिल्याच दिवशी डब्याच्या वेळी हॉलच्या दारात उभी राहिली, पूर्वीसारखी. आत आली नाही. म्हणाली, "बाई, तुकडे तुह्याकडे आल्ते म्हणते. खरं सांग मले. कोठीखालचीच होती का वो? मीच काढून देल्ली होती त्यायले. ते तर नको म्हणत होते, मीच म्हटलं, न्या ना, चांगली हाय."

हे मला माहीत नव्हतं. तिनंच काढून दिली होती, हे तिनं आधी सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्या खांबावर दोन्ही बाजूंना मिळून सहा होत्या. तुटली ती दुसरी. तुझी तशीच आहे."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर तसंच असन. तू कायले खोटं बोलशील." आणि लेपाच्या हौदाकडे निघून गेली.

त्यानंतर मी एकही चकती अख्खी बाहेर जाऊ दिली नाही. पण ज्या गेल्या होत्या त्यांचं काय? माझी झोप उडाली. कोणाच्या घरी दुसरा लाईनमन असेल, कोणाच्या घरी वायरमन. मग मी दर रविवारी हातोडा पिशवीत घालून निघायचे. ज्या ज्या घरी चकत्या दिल्या त्या त्या घरी जायचं, त्यांच्याऐवजी सिमेंटच्या वाट्या द्यायच्या आणि अंगणातच चकत्या फोडायच्या. बाया हसायच्या. "फोडबाईले सुट्टीतबी करमत नाई वाटते!" एका म्हातारीनं चहा पाजला आणि चौथी चकती लपवून ठेवली, ती माझ्या पलंगाले राहू दे म्हणाली. तिच्याशी भांडून घेतली मी ती. मोहाडीपर्यंत, पार नदीकाठच्या वाड्यांपर्यंत फिरले. करडीतही चार घरी गेले.

शकूनच्या घरी गेले नाही. तिच्या दारावरून दोनदा गेले. पिशवीत हातोडा होता, सिमेंटच्या वाट्याही होत्या. आत जाऊन ती कोठी, त्या तीन चकत्या आणि एक वीट बघायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, आता तिच्या घरात खांबावर चढणारं कोणी नाही, राहू दे.

पुढे माल बदलला. चिनी मातीच्या जागी काचेच्या धाग्यांची कांडी आणि वरून रबराचं आवरण असलेले नवे इन्सुलेटर आले. हलके, पडले तरी फुटत नाहीत, दगड मारला तरी काही होत नाही. त्यांचा रोग वेगळा. आवरणाला बारीक भोक पडलं, पाणी आत गेलं की कांडी आतल्या आत कुरतडली जाते आणि एक दिवस कापल्यासारखी तुटते. नव्या पोरींना मी तेही शिकवलं. भट्टी विझली, बाया घरी बसल्या. शकूनची नोकरीही त्यातच गेली. मग आमचं बोलणं सणावारी फोनवर, तेही कमी होत गेलं. मी निवृत्त झाले तेव्हा मला शाल मिळाली आणि पितळेचा एक चकचकीत हातोडा, भंडाऱ्यातून मुद्दाम घडवून घेतलेला. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या हातोड्यानं काही फोडता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शकून माझ्या घरी आली. न सांगता, एसटीनं. केस पांढरे, पाठ वाकलेली, बोलणं तेच. हातात जड पिशवी. चहा नको म्हणाली. पिशवी अंगणात रिकामी केली. तीन चकत्या. घासून घासून स्वच्छ केलेल्या, माती लागलेली टोपीसुद्धा धुतलेली. तिन्हींवर गुलाबी टिकल्या, ऊनपाऊस न लागल्यामुळे कालच लावल्यासारख्या.

"कोठी इकली," ती म्हणाली. "आता धान ठेवाले राहिलं कोण? ह्या तुह्या. हे तुहं काम राहिलं होतं."

मी एक चकती उचलून पाहिली. मग विचारलं, "शकून, तुला कधी समजलं?"

"मी इचारलं तवा तू नाई म्हणालीस, तवा मले खरंच वाटलं. जिवावरचं ओझं उतरलं माह्या. मंग तू गावोगाव फिरून साऱ्यायच्या चकत्या फोडल्या. आमच्या आळीतबी आली. शेजारणीची फोडली, तिच्या शेजारणीची फोडली. माह्याच घरी आली नाई." ती पायरीवर बसली. "तवा समजलं."

"मग इतकी वर्षं बोलली काहून नाहीस मला?"

"तू सोताहून बोलशील म्हून," शकून म्हणाली.

मी आत जाऊन जुना हातोडा आणला, तो लोखंडी, लाकडी दांड्याचा. तिच्या समोर खाली बसले. पहिली चकती दगडावर ठेवली आणि तेव्हा कुठे मला बोलता आलं.

"ती माझीच होती, शकून. कोठीखालचीच. टिकली मी पुसली. तू काढून दिलीस म्हणून भाऊ गेले नाहीत, मी सांगितलं नाही म्हणून गेले."

तिनं दगडावरची चकती हातानं सरळ केली.

"हौ," ती म्हणाली. "फोड आता."